फिलोमिनाबाईंनी दिलेली चिठ्ठी

वसईला जाऊन आले म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "किल्ला पाहिला का?" नाही पाहिला. पाच आठवडे राहिले आणि किल्ला पाहिला नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. मी फिरायला नव्हते गेले, कामाला गेले होते. पण काम असं होतं की गाव पाहणं, माणसं पाहणं त्यातच झालं. परत येऊन दोन महिने झाले तरी घरात माझं "वसईला ना..." सुरूच असतं. आमचे हे आता ते ऐकलं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

काम काय ते आधी सांगते. बावीस वर्षं शाळेत शिकवल्यावर मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि पुण्याच्या एका संशोधनात दाखल झाले. मुलांची सततची काळजी आणि उदासी औषधाशिवाय, बोलून आणि सरावाने कमी होते का, ते त्यात पाहायचं होतं. आठ मुलांचा एक गट, आठवड्यातून दोनदा वर्ग. श्वास सावकाश कसा घ्यायचा, मनात आलेला विचार खरा आहे की नुसताच भिववणारा आहे ते कसं तपासायचं, भीतीच्या पायऱ्या पाडून एकेक कशी चढायची, असं सगळं शिकवायचं. आता संशोधन म्हटलं की तुलना आली. म्हणून निम्म्या मुलांना हे लगेच द्यायचं आणि निम्म्यांना सहा महिन्यांनी. कोणाला कधी, हे आमच्या मर्जीवर नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मुलांनी भरलेले प्रश्नांचे कागद बंद पाकिटात पुण्याला पाठवायचे. ते आम्ही वाचायचे नाहीत, म्हणजे कोण जास्त त्रासात आहे हे कळून आमचा हात कुणाकडे झुकायला नको. फक्त एक प्रश्न, जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा, तेवढा पाकीट बंद करण्याआधी बघायचा. त्याला कुणी "हो" म्हटलं तर चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, सरळ डॉक्टर. वसईत तसं कुणी लिहिलं नव्हतं.

सोलापुरात आम्ही हे आधी करून चुकलो होतो. तिथे "नंतर" आलेल्या एका आईने माझ्याशी असं भांडण काढलं की शिपाईमामा मध्ये पडले. दुसरी म्हणाली, चिठ्ठ्या पुन्हा टाका, तुमच्या घड्या सारख्या नव्हत्या. त्यामुळे वसईला जाताना मी भांडणाची पूर्ण तयारी करून गेले. नेमकी भलत्याच गोष्टीची तयारी केली म्हणायची.

गिरीज

फेब्रुवारी होता. स्टेशनापासून रिक्षा निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना इमारतीच इमारती, अर्ध्या बांधलेल्या, अर्ध्यांना रंग चाललेला. मी मनात म्हटलं, झालं, आता चार आठवडे हेच बघा. आणि एका वळणावर इमारती संपल्या आणि केळी सुरू झाल्या. मग नारळ, मग पानवेली, मध्येच भाजीचे वाफे. फेब्रुवारीत आमच्याकडे जमीन भेगाळायला लागलेली असते. इथे रस्त्याच्या कडेची मातीसुद्धा ओली. मी रिक्षावाल्याला विचारलं, "काल पाऊस पडला का हो?" तो मागे वळून माझ्याकडे बघायलाच लागला.

माझी राहायची सोय तिथल्या चर्चच्या फादरनी गिरीज गावात फिलोमिनाबाईंच्या घरी केली होती. बाई चाळिशीच्या, उंच, कामाचा झपाटा असा की त्यांच्याशी बोलायचं तर मागे मागे फिरावं लागे. नवरा इनासदादा पहाटेच भाजी घेऊन बाजाराला जात आणि दुपारी येऊन झोपत. घरात आपसात त्यांची स्वतःची बोली. पहिल्या दिवशी मला वाटलं, मराठीच दिसतेय, कळेल की! एक अक्षर कळलं नाही. माझ्याशी मात्र सगळे अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की घर एकत्र जमून रोझरी म्हणे, आणि प्रार्थना संपली की मुलं हात जोडून मोठ्यांसमोर उभी राहत, आशीर्वादाला. पहिल्या संध्याकाळी ती माझ्याहीसमोर उभी राहिली. मी गोंधळून "असू दे, असू दे" म्हणाले. नंतर कळलं की असं म्हणायचं नसतं, आशीर्वाद द्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वाडी दाखवायला घेऊन गेल्या. मी कडक इस्त्रीची साडी नेसून, वर्गाला जायच्या तयारीत. केळीभोवतीच्या आळ्यात नुकतंच पाणी सोडलं होतं. मी वर केळ्यांचे लोंगर बघतेय, बाई "जपून हां" म्हणताहेत, आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात. एक चप्पल आतच राहिली. ती काढायला घरातली मोठी मुलगी ॲग्नेस आली, न बोलता हात घालून चप्पल काढली, पाटाच्या पाण्यात धुतली आणि माझ्या पायाशी ठेवली.

मी शाकाहारी, हे कळल्यावर फिलोमिनाबाईंना माझी खरोखर कीव आली. "मग तुम्ही जेवता तरी काय?" पण त्यांनी हार मानली नाही. केळफुलाची भाजी, ओल्या वालाची, कच्च्या केळ्याची, आणि तांदळाच्या भाकऱ्या इतक्या मऊ की माझ्या ज्वारीच्या भाकरीची मला लाज वाटली. (घरी आल्यावर ती लाज गेली.) तिखट मात्र नाही. चौथ्या दिवशी मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली तर इनासदादांना ठसका लागला आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यावर शुक्रवारी त्यांच्याकडेही सामिष नसे. "आज आम्ही सगळे तुमच्या पंगतीला," बाई म्हणायच्या.

ॲग्नेस नववीत होती. माझं आंघोळीचं पाणी, माझा चहा, माझं ताट, सगळं तिच्याकडे. एक गोष्ट तिला दोनदा सांगावी लागत नसे. आवाज चढवणं नाही, हट्ट नाही, टीव्हीपुढे लोळणं नाही. मी पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून ह्यांना सांगितलं, "मुलगी असावी तर अशी." हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण मला ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मुलांची यादी शाळेकडून आली तेव्हा त्यात ॲग्नेसचं नाव होतं. मार्क घसरलेत, वर्गात लक्ष नसतं, असं तिच्या टीचरने लिहिलं होतं. संशोधनातल्या मुलाच्या घरी राहायचं नाही, या नियमाने मी त्याच दिवशी घर बदलायला हवं होतं. बदललं नाही. खरं कारण सांगू? त्या घरचा चहा फार चांगला होता.

चिठ्ठ्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, चर्चशेजारच्या हॉलमध्ये काढायच्या होत्या. सोळा मुलं, सोळा आया. बिस्किटाच्या डब्यातून एकेकीने चिठ्ठी उचलली. चिठ्ठी उघडली की तिथल्या तिथे नाव लिहायचं, हा नियम. आणि नेमका तेव्हाच चहा आला, केकसकट. मी म्हटलं, पळतंय कुठे, चहा घेऊन लिहू. वीस मिनिटांनी मी वही उघडली आणि नावं लिहून घेतली. ॲग्नेस: नंतर. भांडण सोडा, कुणी हूं की चूं केलं नाही. मला तर कौतुकच वाटलं, काय समजूतदार बायका आहेत म्हणून.

सांडोर

वर्ग सांडोरला एका शाळेच्या खोलीत भरत. गिरीजहून तिथे जायची वाट वाड्यांतून होती आणि मी ती बहुतेक वेळा चालत जाई. पाटावर बायका मुळ्याच्या नि पालेभाजीच्या जुड्या धूत बसलेल्या असत आणि "आज मुलांना काय शिकवणार?" असं विचारत. मी म्हणे, "घाबरायला." एक म्हणाली, "ते तर आमची मुलं तुम्हांलाच शिकवतील."

गटात प्राजक्ता नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. तिची आई सुवर्णा साताऱ्याकडची. दोन वर्षांपूर्वी नवी इमारत बघून आलेलं कुटुंब, नवरा सकाळी साडेसहाला मुंबईला जायचा तो रात्रीच यायचा, शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. प्राजक्ताला रोज शाळेच्या वेळेला उलटी व्हायची. दोनदा आपल्या शाळेच्या फाटकात चक्कर येऊन पडली होती आणि नोव्हेंबरपासून घरातच होती.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "टीचर, मला आत्ता व्हॉमिट होईल असं वाटतंय."

"होऊ दे. बादली आहे."

"सगळ्यांसमोर?"

"आम्ही पाठ फिरवू."

सातही मुलांनी खरोखर पाठ फिरवली. पाच मिनिटं शांतता. मग पाठीमागून आवाज, "नाही होत." तिने पायऱ्या पाडल्या: युनिफॉर्म घालायचा, कोपऱ्यापर्यंत जायचं, फाटकाला हात लावून परत यायचं, एक तास बसायचं. तिसऱ्या आठवड्यात ती दोन तास शाळेत बसून आली. सुवर्णा मला रस्त्यात भेटली तेव्हा तिने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. इतक्या वर्षांत हे काम का करायचं याचं उत्तर मिळतं ते असल्या दिवशी.

त्या शुक्रवारी जेवताना मी ही गोष्ट, नाव न घेता, मोठ्या तोऱ्यात सांगितली. फिलोमिनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ती साताऱ्याच्या बाईंची मुलगी ना? बरं झालं हो. माझी चिठ्ठी कामी आली म्हणायची."

माझा घास तिथेच राहिला. "तुमची चिठ्ठी?"

"मला 'आता' आली होती, तिला 'नंतर'. चहा घेताना शेजारी बसलो होतो. रडत होती बिचारी. पोरगी खात नाही, शाळेत जात नाही, इथे कोणी ओळखीचं नाही. मी म्हटलं, घे ही. आमची ॲग्नेस काय, जेवतेय, खातेय, शाळेत जातेय. तिला काय घाई आहे?"

"अहो, पण चिठ्ठी अशी बदलायची नसते!"

"का नसते?" त्यांनी तवा खाली उतरवला. "आमची विहीर चार घरांत आहे. पाण्याची पाळी प्रत्येकाची ठरलेली. पण कोणाची झाडं सुकायला लागली तर आपली पाळी आपण त्याला देतो. माझ्या सासऱ्यांपासून असंच चाललंय. त्यात विचारायचं काय?"

मी चिडले. संशोधन म्हणजे काय, चिठ्ठी का टाकतात, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ज्याला जास्त गरज, त्याला आधी द्यायचं नाही, असा तुमचा नियम?" ॲग्नेस समोर बसून जेवत होती. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चच्या पटांगणात गेले, कारण माझ्या मोबाईलला रेंज तिथेच यायची. इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, नुसता मिस्ड कॉल दिला तरी चाललं असतं, पण हात नंबरावर जाईना. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? प्राजक्ता सुधारत होती, संशोधन शाबूत राहत होतं, माझी चूक झाकली जात होती. फक्त ॲग्नेसची पाळी गेली होती. सहा महिने. पंधरा वर्षांच्या मुलीला सहा महिने म्हणजे किती, हे मी आजवर कितीतरी आयांना समजावून सांगत आले होते. मी पटांगणाला तीन फेऱ्या मारल्या आणि पुण्याला फोन लावला.

आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चिठ्ठी उघडली की नाव लिहायचं, हे मी तुम्हांला किती वेळा सांगितलं होतं?"

"पुष्कळ वेळा, मॅडम."

"आणि चहाने घात केला. दोघींना मोजणीतून काढावं लागेल. बाकी चौदा आयांनाही एकेकीला विचारा. अजून कुणी बदलली असेल तर अख्खा वसईचा गट जाईल. गेला तर गेला, पण खोटं नको. त्या प्राजक्ताचे वर्ग पूर्ण करा. आणि दुसरी मुलगी? ती आता संशोधनात नाही, म्हणजे तिला थांबवून ठेवायचंही कारण नाही. थांबा, तिचं पाकीट उघडते."

वीस मिनिटांनी फोन वाजला. त्यांचा आवाज बदलला होता. "कुलकर्णीबाई, हा कागद फार जड आहे. जिवाचं काही करण्याबद्दल 'नाही'च लिहिलंय. पण बाकी जवळजवळ प्रत्येक ओळीला तिने शेवटच्या घरात खूण केली आहे. काही आवडत नाही, थकवा जात नाही, मी नसते तर घरच्यांना सोपं गेलं असतं. आजच बोला तिच्याशी." आणि मग विचारलं, "तुम्ही त्याच घरात राहता ना? तुम्हांला काही दिसलं नाही?"

तीन आठवडे तिच्या हातचा चहा प्यायले होते. मुलगी असावी तर अशी, म्हणाले होते. मी, समुपदेशक! त्या पटांगणातल्या बाकावर बसून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

आईला सांगितलं तेव्हा फिलोमिनाबाई पहिल्यांदाच हातातलं काम सोडून बसल्या. "पण ती तर काहीच बोलत नाही," म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मी तिला विचारलं होतं हो. चिठ्ठी देण्याआधी विचारलं होतं." मग पदराने तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

कळंब

त्या रात्री मी ॲग्नेसशी थोडंच बोलले आणि जो प्रश्न विचारलाच पाहिजे तो सरळ विचारला. तिने "नाही, तसं नाही" म्हटलं. माझा विश्वास बसला, तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला. घरात भिंतीलाही कान होते, म्हणून रविवारी दुपारी आईला सांगून मी तिला कळंबला नेलं. नालासोपाऱ्याच्या पुढे हे समुद्राकाठचं गाव. सुरूच्या झाडांत सुट्टीला येणाऱ्यांसाठी चार-दोन कॉटेजं, आणि पुढे किनाऱ्यावर काठ्या बांधून वाळत घातलेले बोंबील. मला तो वास सोसेना, मी नाकाला पदर लावला. ॲग्नेसने नुसतं बघितलं.

आम्ही ओल्या वाळूत जरा पुढे गेलो तर जाळं निवडत बसलेली एक म्हातारी ओरडली, "पानी चढतंय बाय, तिकडं नको जाव!" आम्ही मागे येऊन एका होडीच्या सावलीत बसलो. मी पदर नाकाला धरून गप्प बसले, हेच बहुधा बरं झालं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सकाळी उठले ना टीचर, की पहिला विचार येतो, रात्र व्हायला अजून किती वेळ आहे."

"कधीपासून?"

"आठवीपासून. काही झालं नाही तसं. कोणी मारत नाही, बोलत नाही. म्हणून सांगायचं काय? लोक म्हणतील, हिला काय झालंय?"

"चिठ्ठी दिली तेव्हा आईने विचारलं होतं तुला?"

"हो. म्हणाली, त्या बाईंना देऊ का, तुला चालेल ना? मी म्हटलं चालेल." ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती. "मला कोणी काहीही विचारलं तर मी चालेल म्हणते. ते सोपं असतं. नाही म्हटलं की पुढे बोलावं लागतं."

"आणि तुला हवी होती ती चिठ्ठी?"

तिने बोट थांबवलं. "खूप हवी होती," ती म्हणाली आणि रडायला लागली. आवाज न करता रडत होती, घरात शिकलेलं रडणं. मी तिला जवळ घेतलं. म्हातारी लांबून बघत होती. जाताना ती आमच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

पुन्हा गिरीज

पुढचे दोन आठवडे, त्यातला एक डॉक्टरबाईंच्या परवानगीने वाढवून घेतलेला, मी एका मैत्रिणीच्या मैत्रिणीकडे राहिले, कारण आता तरी घर बदलणं भाग होतं. एकेका आईला विचारलं. आणखी कुणी चिठ्ठी बदलली नव्हती, निदान सगळ्यांनी तसं सांगितलं. ॲग्नेसला शहरातल्या बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवलं आणि मी तिच्याबरोबर दिवसाआड बसले. मोठं काही घडलं नाही. दिवसातून एक गोष्ट स्वतःसाठी करायची आणि ती करताना कसं वाटलं ते लिहायचं, इतकंच. चार दिवस तिने वहीत "काही नाही" लिहिलं. पाचव्या दिवशी "थोडं बरं." त्या कागदावर दिसलेली मुलगी दोन आठवड्यांत बरी होत नसते, हे मला माहीत होतं आणि मी फिलोमिनाबाईंनाही तसंच सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले. माझ्यानंतर ॲग्नेसचे वर्ग आमच्याच पद्धतीचं शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर घेणार होत्या. स्वयंपाकघराच्या दारात बसून मी वेळ ठरवत होते. फिलोमिनाबाई आत वाल सोलत होत्या.

"सिस्टर मंगळवारी चारला येतील," मी म्हटलं. "चालेल?"

ॲग्नेसने तोंड उघडलं आणि मिटलं. मी वाट पाहिली.

"नाही," ती म्हणाली. स्वतःच दचकली आणि घाईघाईने पुढे बोलली, "चारला मी शाळेतून येते. तेव्हा मला कोणाशी बोलवत नाही. साडेपाचला चालेल."

"अगं, सिस्टरना किती लांबून..." आतून आईचा आवाज आला आणि मध्येच थांबला. वाल सोलणंही थांबलं. मग फिलोमिनाबाई हात पुसत दारात आल्या.

"काय म्हणालीस?"

ॲग्नेसने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "नाही म्हटलं. चारला नको."

"बरं," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "नको तर नको." आणि तिथेच उंबऱ्यावर बसून त्या हमसून हमसून रडायला लागल्या. ॲग्नेस घाबरून उठली, आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अगं आई, साडेपाचला चालेल म्हटलं ना मी!"